भुजचा नकाशा आणि आपला फायनल प्लॉट

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला 'आठवणी सांगा' असं म्हटलं होतं. आठवणी सांगायला बरेच जण आहेत. मी नगररचना खात्यात नोकरी केलेला माणूस, त्यामुळे नकाशाबद्दलच बोलतो. आणि पुढच्या महिन्यात आपली पुनर्विकासाची विशेष सभा आहे, तेव्हा विषय अगदीच अवांतर नाही.

आपली सोसायटी २००१ ची. त्याच वर्षी २६ जानेवारीला सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये भूकंप झाला. धक्का इथे पुण्यातही जाणवला होता. भुजचं जुनं शहर, म्हणजे तटबंदीच्या आतलं, दाटीवाटीचं. अरुंद गल्ल्या, त्यातल्या कित्येक पुढे बंद. घरं पडली ती गल्लीतच पडली. पळायला वाट नाही, आणि नंतर ढिगारा उपसायला यंत्र आत नेता येईना. शेजारच्या अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाची फेरी काढलेली शाळकरी मुलं अशाच एका गल्लीत गाडली गेली. रस्ते रुंद केले पाहिजेत, हे मग कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पण रुंद करायचे तर कुणाच्या जागेतून? भांडण तिथे सुरू होतं.

सरकारकडे दोन सोपे मार्ग होते. शहर उचलून दुसरीकडे वसवायचं, किंवा जमिनी सक्तीने संपादित करायच्या. पहिल्या मार्गाचा अनुभव आपल्याला १९९३ च्या किल्लारीनंतर आहे. तिथे ५२ गावं नव्या जागी गेली. घरं भक्कम झाली, यात शंका नाही. पण वाड्यांच्या गावातला माणूस शहरी कॉलनीसारख्या सरळ रस्त्यांवर, लांब लांब घरांत जाऊन बसला. शेजार तुटला, जनावरं कुठे बांधायची हा प्रश्न राहिला. त्याच कार्यक्रमात दुसरीकडे, जिथे घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती तिथे, गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. त्या घरोघर जाऊन अनुदान कसं मिळतं, पाया कसा तपासायचा हे सांगत. पुढे लातूरकडच्या बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांना हेच शिकवून आल्या. आपल्याकडे याचा उल्लेख फार कमी होतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

भुजमध्ये ज्यांना शहराबाहेर जायचं होतं त्यांच्यासाठी चार नव्या वसाहती आखल्या. ज्यांना जुन्या शहरातच राहायचं होतं त्यांच्यासाठी टी.पी. स्कीम केल्या, एकूण आठ. आता ही टी.पी. स्कीम म्हणजे काय? आपल्या प्रॉपर्टी कार्डावर 'फायनल प्लॉट नंबर' असं लिहिलंय ना, तीच. ही मुंबई इलाख्यातली जुनी पद्धत, १९१५ च्या कायद्यातली. वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, प्रत्येकाकडून थोडी थोडी कापून रस्ता, बाग, शाळा यांना जागा काढायची, आणि उरलेली नीट आकारात ज्याची त्याला परत द्यायची. कुणी हुसकला जात नाही, पण प्रत्येकाचं थोडं जातं.

कागदावर हे छान दिसतं. पण ज्याचं घर पडलंय, घरातलं माणूस गेलंय, त्याला तुम्ही सांगताय की तुझ्या प्लॉटचा तुकडाही दे. हे नकाशा भिंतीवर चिकटवून होत नाही. आधी एकेका प्लॉटची जागेवर मोजणी झाली, कारण जुनी कागदपत्रं आणि प्रत्यक्ष जागा जुळेनात. मग आराखडा लोकांपुढे मांडला, मालकांच्या सभा घेतल्या, हरकती-सूचना मागवल्या आणि शेवटी प्रत्येक मालकाला वैयक्तिक सुनावणी. कपातही सरसकट नव्हती. अगदी लहान प्लॉटला कपात नाही, पुढे प्लॉट मोठा तशी टक्केवारी वाढत जाणारी. माझ्या मते स्कीम टिकली ती या एका गोष्टीमुळे. दहा बाय दहाच्या खोलीवाल्याला आणि वाडेवाल्याला एकच टक्का लावला असता तर पहिल्या सभेतच खुर्च्या उडाल्या असत्या.

यात वेळ गेला. आराखडा पक्का होईपर्यंत जुन्या शहरात बांधकामाला परवानगी नव्हती आणि लोक पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत बसले होते. लोकांना विचारत बसलात म्हणून उशीर झाला, असं तेव्हाही म्हणणारे होते. मला ते पटत नाही. न विचारता केलेल्या कामात उशीर कोर्टात होतो, एवढाच फरक.

पण एक मोठी चूक राहिली, आणि मला आज खरं तर तीच सांगायची आहे. सभा होत्या त्या मालकांच्या. जुन्या भुजमध्ये पिढ्यान् पिढ्या नाममात्र भाड्याने राहणारी कितीतरी कुटुंबं होती. घर पडलं, भाडेकरूचा हक्क ढिगाऱ्याबरोबर गेला. फायनल प्लॉट मालकाला मिळाला. नकाशात भाडेकरूला चौकोनच नव्हता, मग त्याची हरकत कोण ऐकणार? त्यातले अनेक जण त्या तात्पुरत्या घरांतच वर्षानुवर्षं राहिले.

आता आपल्याकडे या. चौसष्ट फ्लॅट, त्यातले एकोणीस भाड्याने दिलेले. खाली सहा दुकानं. पंचवीस वर्षांच्या इमारतीला पुनर्विकास कशाला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नीट करा, असं माझं स्वतःचं मत आहे आणि ते मी सभेत मांडणार आहे. ते आज बाजूला ठेवू. ७९ (अ) च्या सूचनांप्रमाणे सभा होईल, तिचं व्हिडिओ शूटिंग होईल, बहुमत होईल. कायदेशीर सगळं होईल. पण गेल्या दोन सभांत विचारलेले प्रश्न मी वहीत लिहून ठेवले आहेत. वाढीव कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती महिने. नव्या इमारतीत मुलं कुठे खेळणार हे एकानेही विचारलं नाही. तळमजल्यावरच्या ज्या आजी जिना चढू शकत नाहीत म्हणूनच तळमजल्यावर आहेत, त्यांना सातव्या मजल्यावर फ्लॅट दिला आणि लिफ्ट बंद पडली तर काय, हेही नाही. आणि ज्या ताई भाड्याच्या गाळ्यात पोळीभाजी केंद्र चालवतात, ज्यांचा डबा आपल्यातल्या निम्म्या घरांत रोज येतो, त्यांना तर सभेची नोटीसच जात नाही. नियमाने जायची गरज नाही, हे मला माहीत आहे.

म्हणून मी कार्यकारिणीकडे दोन गोष्टी मागतो. बिल्डरचा आराखडा ऑफर लेटरसोबत पीडीएफमध्ये नको. मोठ्या कागदावर छापून क्लब हाउसमध्ये दोन रविवार लावा, मी तिथे बसून ज्याला हवा त्याला वाचून दाखवीन. आणि विशेष सभेच्या आधी एक साधी बैठक घ्या, मतदान नाही, ठराव नाही. तिला भाडेकरू, दुकानदार, वॉचमनमामा सगळ्यांना बोलवा. इतिवृत्त मी लिहीन.

अध्यक्षांनी आत्ताच मान हलवलेली मी पाहिली आहे, आणि व्हिडिओ शूटिंग आजही चालू आहे.