खालची पट्टी

 

माझी सगळी नोकरी आरएनए सांभाळण्यात गेली. आरएनए इतका नाजूक, की उघड्या बोटाचा स्पर्शही त्याला पुरतो. आणि आमचे हातमोजे सर्वांत स्वस्त निविदेचे, घालतानाच फाटायचे. परदेशातून मागवलेलं एन्झाइम कस्टम्समध्ये पडून राहायचं, ड्राय आइस उडून जायचा. लेखा विभाग म्हणायचा, "बाटली फुटलेली नाही ना? मग सही करा."

असो. आमचं काम मेलानोमावर, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगावर; तो आपल्याकडे विरळाच. होतो तोही बऱ्याचदा तळपायावर नाहीतर नखाखाली. एक आजोबा वर्षभर त्याला कुरूप समजून पट्ट्या लावत होते. शस्त्रक्रियेनंतर रक्त द्यायला आले की दर वेळी विचारायचे, "बाई, परत तर नाही ना येणार?" टायरोसिनेज हे रंगपेशींचं जनुक, त्याचा आरएनए रक्तात सापडला तर गाठीच्या पेशी फिरताहेत असं समजायचं, ही कल्पना १९९१ची. आम्ही हुरळून गेलो. पुढे या प्रयोगशाळेचं उत्तर त्या प्रयोगशाळेशी जुळेना. आजोबांना मी "बघू" एवढंच म्हणत राहिले.

त्याच काळात माझ्या विद्यार्थिनीला एका गाठीच्या नमुन्यात जेलवर नेहमीच्या पट्टीखाली आणखी एक फिकट पट्टी दिसली. आरएनए पक्का होताना मधले तुकडे छाटले जातात, उरलेले सांधले जातात. छाटणी जास्त झाली तर रेणू आखूड होतो आणि जेलवर पट्टी खाली उतरते. हे मी वर्गात शिकवत होते! तरी म्हणाले, "कचरा असेल. फोटो कापून लाव." दिवाळीच्या सुट्टीत फ्रीझरचा भोंगा वाजत राहिला, वैतागून कुणीतरी प्लगच काढला. चार वर्षांचे नमुने वितळले.

२०११मध्ये एक शोधनिबंध वाचला. व्हेम्युराफेनिब या मेलानोमावरच्या औषधाला आधी दाद देऊन आजार पुन्हा उलटलेल्या १९ रुग्णांपैकी ६ जणांच्या गाठींत बीआरएएफ या जनुकाचा आरएनए वेगळा छाटलेला होता. त्यातून आखूड प्रथिन तयार होत होतं आणि औषध निष्प्रभ ठरत होतं. माझी पट्टी तसलीच काही होती असं मी म्हणत नाही. तपासायला नमुनेच उरले नाहीत.

ही छाटणी मुळात उघडकीला आली १९७७मध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली न जुळणाऱ्या डीएनएच्या वेटोळ्यांमुळे. ती वेटोळी कुणी कचरा म्हणून टाकली नाहीत. या शोधासाठी १९९३चं नोबेल रॉबर्ट्स आणि शार्प यांना मिळालं. सूक्ष्मदर्शकावर डोळे शिणवणाऱ्या लुईझ चाऊ आणि सुझन बर्जेट मात्र त्यात नव्हत्या. याचा राग मला अजून येतो.

म्हणून एवढंच सांगते: फोटो कापू नका. मार्गदर्शकानं सांगितलं तरी कापू नका. न जुळणारं जे दिसेल ते तारखेसकट ठेवा.

माझ्या विद्यार्थिनीनं प्रबंधासाठी फोटो कापला, पण अख्खी प्रत वहीत चिकटवून ठेवली. शेजारी पेन्सिलीनं लिहिलंय, "बाई कचरा म्हणतात." ती वही आता माझ्याकडे आहे.