ससाण्याचा पासपोर्ट
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी बजावलंय, "अबुधाबीचं काहीही सांग, फक्त पगार सांगू नकोस." म्हणून आज पक्ष्यांबद्दल बोलतो.

मी तिकडं एसी दुरुस्तीचं काम करतो. ससाणे पाळणाऱ्या शौकिनांच्या घरी माझं येणं-जाणं असतं. उन्हाळ्यात ससाण्याची जुनी पिसं गळून नवी येतात, तेव्हा त्याला गार खोलीत ठेवतात. माणसांच्या खोलीतला एसी बंद पडला तर मालक म्हणतो, "उद्या ये." ससाण्याचा बंद पडला तर रात्री दोनला फोन!

थाट तरी बघा. तिथं २००२ पासून ससाण्याला स्वतःचा पासपोर्ट मिळतो, तीन वर्षांच्या मुदतीचा. त्यात पायातल्या कड्याचा नंबर असतो. विमानात पक्षी मालकाजवळ बसून जातो. अबुधाबीत १९९९ पासून ससाण्यांचं खास हॉस्पिटल आहे. पीस तुटलं, तर जपून ठेवलेल्या जुन्या पिसांतलं मापाचं पीस काढून तिथं जोडतात. त्याच्या डोळ्यांवरच्या चामडी टोपीला म्हणतात बुरखा!

दोन शौकीन भेटले की पहिला प्रश्न, "वजन किती?" हे पक्ष्याचं बरं का, स्वतःचं कुणी सांगत नाही. पक्ष्याला रोज काट्यावर ठेवतात. वजन जास्त झालं म्हणजे त्याला भूक नाही. मग सोडला की तो खांबावर बसून मालकाची फजिती बघतो, आणि मालक खालून हातातलं मांस दाखवत तासभर विनवण्या करतो. कमी झालं तर पक्षी अशक्त होतो. ससाण्यांत मादी नरापेक्षा मोठी आणि ताकदवान असते. हे बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "यात नवीन काय?"

हा शौक आपल्याला परका नाही. नांदेडला गुरू गोविंदसिंगजींच्या चित्रांत हातावर पांढरा बाज आपण लहानपणापासून बघतो. आपल्या देशात राजेरजवाड्यांकडं बाज, बहिरी असत. साधी माणसं शिकऱ्याला लाव्हे धरायला शिकवत. २०१० मध्ये युनेस्कोनं ही कला जगाच्या सांस्कृतिक वारशात घेतली.

पण आता मुद्द्याचं सांगतो. मी एकदा ससाण्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. लगेच गावाकडच्या एका पोराचा निरोप आला, "काका, शेतातल्या लिंबावर शिकऱ्याचं घरटं आहे. पिल्लू काढून पाळू का?" मी हातातलं काम टाकून त्याला फोन लावला.

त्याला म्हटलं, बाबा, आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. शिकरा धरणं, पाळणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी ते पिल्लू मरतं. आपण त्याला मटणाचे मऊ तुकडे घालणार. नुसत्या मांसात चुना नसतो. वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात. शिकरा पिल्लांना हाडांसकट सरडा, उंदीर आणून देतो. अबुधाबीतही बहुतेक पक्षी पैदास केंद्रात जन्मलेले असतात, आणि मालकाच्या मागं डॉक्टर असतो. तुझ्या मागं कोण आहे?

पोरगं थोडा वेळ गप्प बसलं. मग म्हणालं, "बरं, नुसतं बघतो." आता तो वही घेऊन झाडाखाली बसतो. किती सरडे आले, पिल्लू कधी उडालं, सगळं लिहितो. परवा कळवलं, दोन्ही पिल्लं उडाली. तेवढ्यासाठी केलेला फोन मला महाग वाटला नाही.

आपल्यापैकी बरेच जण शिक्षक आहेत, बऱ्याच जणांची शेती आहे. तेवढं एक करा. बांधावरचं घरटं असलेलं झाड पिल्लं उडेपर्यंत तोडू नका, आणि पोरांच्या हातात बेचकीऐवजी वही द्या. जखमी पक्षी सापडला तर घरी न ठेवता वन विभागाला कळवा.

जाता जाता एक सांगतो. शौकीन म्हणतात, ससाण्याचा मालकावर जीव नसतो. तो परत येतो ते पोटासाठी. आपल्यातल्या कितीतरी जणांनी किनवट सोडलं ते पोटासाठीच. पण आज आपण सगळे परत आलो, ते काही पोटासाठी नाही.

तरी मागून जेवण तयार असल्याची खूण होतेय, म्हणून थांबतो.