जोडणी बदलते त्या क्षणी



अध्यक्षाने मोठ्या विषयावर बोलावं अशी रीत आहे. मी आज एका लहान सोयीवर बोलणार आहे, कारण आपल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत तिची गरज मोठी आहे. लिनक्सच्या संगणकाची नेटवर्क जोडणी बदलली की आपण लिहून ठेवलेली स्क्रिप्ट आपोआप चालते, ती ही सोय. आपल्यापैकी अनेकांच्या यंत्रात ती आजही आहे. वापरतात मात्र फार थोडे.

डहाणू-तलासरीत नेट नाही, असं आता कुणी म्हणू शकत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कडेने मोबाइलचे मनोरेही उभे राहिले. आपली अडचण वेगळी आहे. आपल्याकडे नेट येतं आणि जातं. पावसाच्या तोंडावर वारा सुटला की वीज जाते, थोड्या वेळाने मनोऱ्याची बॅटरी संपते. रस्त्याच्या कामात फायबर तुटते. सायवनला सकाळी असलेलं नेट दुपारी नसतं, उधव्याला दुपारी नसलेलं संध्याकाळी येतं. आणि ते येतं तेव्हा ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक जेवायला गेलेला असतो किंवा कार्यालय बंद झालेलं असतं.

याची किंमत कोण मोजतं? जातीच्या दाखल्यासाठी पाड्यावरून चालत आलेली बाई मोजते. "नेट आलं की या," असं तिला सांगितलं जातं. त्या दिवसाची तिची मजुरी बुडते. नेट कधी येणार हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं, कारण संगणकासमोर बसून पुन्हा पुन्हा बटण दाबण्याखेरीज त्याच्याकडे काही उपाय नसतो. बदलाची वाट पाहणं हे यंत्राचं काम आहे. ते आपण माणसांवर टाकलं आहे, आणि त्यातही सगळ्यांत गरीब माणसावर.

आपल्या जिल्ह्याने या बाबतीत देशाला वाट दाखवली आहे, हे इथे सांगायला हवं. मुंबईच्या आयआयटीच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर तालुक्यातल्या खामलोळी आणि आसपासच्या गावांत टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून ब्रॉडबँड पोहोचवण्याचे प्रयोग केले. २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाची निवड झाली. गावची स्थिती आधी पाहायची आणि मग तंत्र बसवायचं, ही त्या कामाची दिशा मला महत्त्वाची वाटते.

ही दिशा इथल्या मातीला नवी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि ताराबाईंच्या बरोबरीने अनुताई वाघांनी तिथे आयुष्य वेचलं. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसल्यावर या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. गुरं चरायची त्या कुरणावरच शाळा भरवली. कुरणशाळा हे नाव आपल्या तालुक्यातल्या जुन्या शिक्षकांना नव्याने सांगायला नको. नेट अखंड असेल असं धरून चालणारा प्रोग्राम जेव्हा दाभाडीच्या शाळेत लावला जातो, तेव्हा मला कोसबाड आठवतं. इथे तुटणारी जोडणी हीच परिस्थिती आहे, आणि काम तिच्याभोवती रचायला हवं.

आता यंत्रणा पाहू. बहुतेक लिनक्स वितरणांत जोडणीची देखरेख नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्राम करतो. रेड हॅटने तो २००४ साली सुरू केला. त्याच्या सेटिंगच्या फोल्डरात ‘डिस्पॅचर.डी’ नावाचं उपफोल्डर असतं. जोडणीत काही बदल झाला की त्यातल्या स्क्रिप्टा नावाच्या वर्णानुक्रमाने, एकीमागून एक चालतात. म्हणून नावाच्या सुरुवातीला १०, ५०, ९० असे आकडे घालायची पद्धत आहे. प्रत्येक स्क्रिप्टला दोन गोष्टी कळवल्या जातात: बदल कोणत्या इंटरफेसवर झाला आणि काय झाला. जोडणी आली तर ‘अप’, गेली तर ‘डाउन’. व्हीपीएन सुरू-बंद होणं, डीएचसीपीकडून नवा पत्ता मिळणं, यांनाही वेगळी नावं आहेत. शिवाय जोडणीचं नाव, तिची ओळखखूण असलेला यूयूआयडी, आयपी पत्ता, गेटवे ही माहिती स्क्रिप्टच्या हाती असते. एवढ्यावर पुष्कळ काम होतं.

पण इथेच एक खाच आहे, आणि आपल्या ग्रामपंचायतींत ती हमखास भेटते, म्हणून जरा थांबून सांगतो. ‘अप’ याचा अर्थ संगणकाची राउटरशी गाठ पडली, इतकाच. राउटर भिंतीवर आहे, त्याला इन्व्हर्टरची वीज आहे, संगणकाची वायर त्यात खोचलेली आहे. फायबर तुटली ती तिथून मैलभर पुढे, चारोटीच्या बाजूला कुठेतरी. संगणकाच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. ‘डाउन’ झालंच नाही, त्यामुळे फायबर जोडली गेल्यावर ‘अप’ही होत नाही. तुमची स्क्रिप्ट तशीच निजून राहते, आणि आपण म्हणतो, लिनक्समध्ये हे चालत नाही.

चालतं, पण त्यासाठी ‘कनेक्टिव्हिटी-चेंज’ या घटनेकडे लक्ष द्यावं लागतं. नेटवर्कमॅनेजर ठरावीक वेळाने एका वेब पत्त्यावर जाऊन पाहतो आणि निष्कर्ष सांगतो: ‘फुल’ म्हणजे नेट पूर्ण, ‘लिमिटेड’ म्हणजे जोडणी आहे पण बाहेर जाता येत नाही, ‘पोर्टल’ म्हणजे आधी लॉगिनचं पान भरा, ‘नन’ म्हणजे काहीच नाही, आणि ठरवता आलं नाही तर ‘अननोन’. काही वितरणांत ही तपासणी आधीच चालू असते, काहींत आपण करायची असते. तपासणीचं ठरीव अंतर ३०० सेकंदांचं आहे. आपल्याकडे पाच मिनिटांत नेट येऊन जातंही, म्हणून ते कमी करा. स्क्रिप्टमध्ये आणखी एक पायरी घाला: आपलं काम ज्या सर्व्हरशी आहे तो उत्तर देतो का, हे वेगळं तपासा. ‘नेट गेलं’ आणि ‘सर्व्हर डाऊन’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला त्यातली कोणती खरी आहे ते कळायला हवं.

नेट सलग येत नाही, उघडझाप करत येतं, हे आपण रोज पाहतो. मिनिटात तीनदा आलं-गेलं तर स्क्रिप्टही तीनदा चालेल आणि शाळेची एकच हजेरी तीनदा पाठवेल. म्हणून ‘फ्लॉक’ वापरून कुलूप लावा, म्हणजे पहिली चालू असताना दुसरी सुरू होणार नाही. पाठवलेल्या नोंदीवर खूण करा. मोठी फाइल ‘आरसिंक’ने पाठवा आणि अर्धवट गेलेला भाग राखण्याचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तिथूनच पुढे जाता येतं. आधी हजेरी आणि अर्ज पाठवा, फोटो मागाहून. डिस्पॅचरमधली स्क्रिप्ट फार वेळ रेंगाळली तर ती मारली जाते. तेव्हा लांबणारं काम स्वतंत्र सर्व्हिसकडे सोपवून स्क्रिप्टने लगेच बाजूला व्हावं.

फायबर बंद पडली की आपण खिशातला मोबाइल काढून हॉटस्पॉट लावतो. तो डेटा परिचालकाच्या स्वतःच्या पैशांचा असतो, हे मी मुद्दाम बोलून दाखवतो. शेकडो मेगाबाइटचे अपडेट त्यावरून उतरता कामा नयेत. हॉटस्पॉटचा यूयूआयडी ओळखून स्क्रिप्टने फक्त मजकूर पाठवावा आणि बाकीचं फायबरसाठी राखून ठेवावं. तलासरीच्या सीमेलगतच्या गावांत मोबाइल कधी महाराष्ट्राचा मनोरा धरतो, कधी गुजरातचा. अशा ठिकाणीही ‘कनेक्टिव्हिटी-चेंज’ ही घटना पकडावी लागते.

नोंदींवरची वेळ बरोबर राहण्याचा प्रश्न मी भूकंपाच्या उदाहरणाने सांगतो. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांनी धक्क्यांची मालिका सोसली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. लोक घरं सोडून अंगणात आणि तंबूंत झोपले. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या धक्क्यांचा अभ्यास केला. भूकंपमापक सहसा वेळ जीपीएसवरून घेतो. नेट असो वा नसो, तो नोंद करत राहतो. जगभर अशा नोंदी पाठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीडलिंक या पद्धतीत, जोडणी तुटून पुन्हा आली की शेवटच्या मिळालेल्या पाकिटापासून पुढचं मागता येतं. शास्त्रज्ञांनी तुटणं गृहीत धरलं, म्हणून मधला तास हरवत नाही. आपल्या शाळेतल्या रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकांत बहुधा घड्याळाची बॅटरी नसते. वीज जाऊन आली की त्यांची वेळ चुकते आणि हजेरीवर भलतीच तारीख पडते. क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम या कामासाठी डिस्पॅचरची स्क्रिप्ट स्वतःच घेऊन येतो. नेट आलं की त्याला वर्दी मिळते. ती स्क्रिप्ट उघडून वाचा. शिकायला याहून चांगला नमुना नाही.

एक इशारा गांभीर्याने देतो. या स्क्रिप्टा रूटच्या, म्हणजे संगणकाच्या सर्वोच्च, अधिकाराने चालतात. म्हणून फाइल रूटच्या मालकीची असावी लागते आणि इतरांना तिच्यात बदल करता येऊ नये, अशी अटच आहे. ती अट गैरसोयीची वाटली तरी मोडू नका. सिस्टीमडी-नेटवर्कडीबरोबर वापरल्या जाणाऱ्या नेटवर्कडी-डिस्पॅचर या भावंड प्रोग्राममध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांना दोष सापडले, ते एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झाले. त्यांचा फायदा घेऊन साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळवता येत होते. दुरुस्ती झाली, पण ज्याने अपडेट केलं त्याच्यासाठीच. तसंच, वायफायचं नाव ओळखीचं दिसलं म्हणून नागरिकांची कागदपत्रं पाठवू नका. तेच नाव कुणीही आपल्या मोबाइलला देऊ शकतो. सर्व्हरची ओळख प्रमाणपत्राने पटवा, मगच पाठवा.

शिक्षकांना एक विनंती आहे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीत आणले, ही मोठी सेवा आहे. त्यापुढचं पाऊल आपण टाकायचं. स्क्रिप्टमधल्या टिपा मराठीत लिहा. ही ओळ का आहे, नेट गेल्यावर काय होईल, कुणाला विचारायचं, हे तिथेच लिहा. तुमची बदली झाल्यावर तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला ती ओळ पुसायची भीती वाटू नये आणि ठेवायचं कारणही कळावं.

आणि या सगळ्यापेक्षा मला मोलाची वाटते ती एक अगदी छोटी स्क्रिप्ट. ती काहीही पाठवत नाही. जोडणीची स्थिती बदलली की तारीख, वेळ आणि नवी स्थिती एवढी एक ओळ फाइलमध्ये लिहिते. "आमच्याकडे नेट नसतं," ही तक्रार आपण वर्षानुवर्षं करतो. ती ऐकणाऱ्याला तिचा आकार दिसत नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता गेलं, किती वेळाने आलं, हे लिहिलेलं असलं की तक्रारीचा अर्ज होतो आणि अर्जाला उत्तर द्यावं लागतं. ज्या बाईची मजुरी बुडाली, तिच्या बाजूने ठेवता येईल असा हा पहिला लेखी पुरावा असेल.

म्हणून माझं आवाहन या एकाच कामासाठी आहे. गंजाड असो, बोर्डी असो, झाई असो की कवाडा, आपल्या केंद्रातल्या लिनक्सच्या एका संगणकावर ही नोंद करणारी स्क्रिप्ट जूनच्या आधी बसवा. जून ते सप्टेंबर ती चालू ठेवा. नागरिकांची कोणतीही माहिती तिच्यात येऊ देऊ नका. पावसाळा संपला की त्या फाइली एकत्र करून आपण दोन्ही तालुक्यांच्या गटविकास अधिकाऱ्यांना एकत्र भेटू. स्क्रिप्ट लिहायला कुणाला मदत हवी असेल, तर जेवणाच्या सुट्टीनंतर मी मागच्या वर्गात बसणार आहे; लॅपटॉप घेऊन या.