गाडीचा आवाज कळतो, छातीचा का नाही?

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, कर्ज यावर बोलतो. आज ज्याच्या कमाईवर तो हप्ता भरला जातो, त्याच्या छातीविषयी बोलू. आपल्या घरात कुणी ट्रकवर आहे, कुणी टेम्पोवर, कुणी रिक्षा चालवतं, कुणी वडापची जीप.

माझे थोरले दीर वीस-बावीस वर्षं ट्रकवर होते. खंबाटकीच्या घाटात पुढच्या गाडीचा धूर तोंडावर घेत जायचं, आणि थांबलं की बिडी. सकाळी उठले की अर्धा तास खोकायचे. "गाडीवरची धूळ आहे, पडेल बाहेर," म्हणायचे. आम्हीही तेच धरून चाललो. दर पावसाळ्यात खोकल्याच्या औषधाची बाटली यायची. मग एकदा ताडपत्रीची दोरी आवळताना ते मध्येच खाली बसले. मालकानं लांबच्या खेपा बंद केल्या. जाऊबाई गटात कर्ज मागायला आल्या, तेव्हा कुठं आम्ही विचारलं, खेपा का बंद झाल्या?

तपासणीत सीओपीडी निघाला. नाव इंग्रजी आहे, पण गोष्ट सोपी आहे. फुप्फुसातल्या हवेच्या नळ्या वर्षानुवर्षं धुरानं सुजतात, अरुंद होतात. आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. म्हणून धाप लागते. बिडी-सिगारेट हे याचं मोठं कारण. त्यात डिझेलचा धूर आणि रस्त्याची धूळ यांची भर पडते. आणि बायांनो, बिडी न ओढणाऱ्या आपल्यालाही चुलीच्या धुरानं हाच आजार होतो, हे विसरू नका.

गेलेलं फुप्फुस परत येत नाही. पण बिडी सोडली तर पुढची झीज मंदावते, कुठल्याही वयात. म्हणून लवकर ओळखणं महत्त्वाचं, आणि ते ओळखायला घरातल्या बाईइतकं जवळ कोण असतं? रोजचा खोकला, सकाळचा बेडका, श्वासाबरोबर छातीत शिट्टी, पूर्वी सहज चढायचा तो चढ आता थांबत थांबत चढणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर आधी सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी करून घ्या. टीबीची ही तपासणी तिथं मोफत होते. टीबी नसेल तर डॉक्टरांना विचारा, "फुंकर मारायची तपासणी करायची का?" तिला स्पायरोमेट्री म्हणतात. खोल श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात, छाती रिकामी होईपर्यंत फुंकायचं. सुई नाही, टोचणं नाही. नुसत्या एक्स-रेवर हा आजार सुरुवातीला दिसेलच असं नाही.

डॉक्टरांनी पंप दिला तर घरात कुरकुर सुरू होते. "पंपाची सवय लागते, लोक काय म्हणतील?" सवय लागत नाही. औषध थोडंसंच, पण थेट फुप्फुसात जातं. ओढायची पद्धत मात्र डॉक्टरांसमोर करून दाखवा. काही पंपांनंतर चूळ भरावी लागते, तेही विचारून घ्या. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. खोकल्याच्या काही औषधांनी झोप येते. म्हणून औषध घेताना "मी गाडी चालवतो" हे आधी सांगायला लावा.

घरच्या घरी काय करता येईल? केबिन कोरड्या फडक्यानं झटकू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. गाडी उभी असेल तर इंजिन बंद ठेवावं. तोंडाला बांधलेल्या रुमालानं मोठी धूळ अडते, डिझेलचे बारीक कण अडत नाहीत. त्यासाठी एन-९५ मास्क बरा. बिडी सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे. आणि ओठ-नखं निळी पडली, एक वाक्यही पुरं बोलता येईना, तर उद्याची वाट न बघता १०८ ला फोन करा.

भाऊजींनी बिडी सोडली. पंप नियमित घेतात. ट्रक मात्र सुटला तो सुटलाच. आता ते चौकातल्या दुकानावर बसतात, आणि घरून तिथं जाताना एकदा थांबतात. जाऊबाई म्हणतात, "इंजिनाचा आवाज जरा बदलला तर हे रातोरात गाडी गॅरेजला न्यायचे. छातीतली शिट्टी मला पाच वर्षं ऐकू येत होती, पण मी बोलले नाही."

सख्यांनो, आपण बोलू या. पुढच्या बैठकीत हजेरी झाली की एकच प्रश्न विचारा: कुणाच्या घरात रोजचा खोकला आहे? ज्या हात वर करतील त्यांच्या माणसांना एकाच दिवशी, एकाच गाडीनं तपासणीला नेऊ. दवाखान्यात सोबत असली की पुरुषमाणूसही नाही म्हणत नाही. आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली तर गटातून उसने पैसे द्या. गाडीच्या टायरला आपण कर्ज देतोच की.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.