जुने होणारे विमान आणि जुनी न होणारी विद्या

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आज मी आपणांस एका विमानाची हकिकत सांगणार आहे. विषय लढाईचा वाटेल, पण खरे तर तो अभ्यासाचा आहे.

अमेरिकेचे 'एफ-११७' हे रडारला सहजासहजी न सापडणारे, प्रत्यक्ष सेवेत आलेले पहिले लढाऊ विमान. ते १९८१ साली प्रथम उडाले आणि १९८३ मध्ये सेवेत आले. १९८८ पर्यंत असे विमान आहे हे अमेरिकेच्या सरकारने कबूलही केले नव्हते. चाचणीची पाच धरून एकूण ६४ विमाने बांधली गेली आणि २००८ च्या एप्रिलमध्ये ती निवृत्त झाली. त्याच हवाई दलातील बी-५२ हे विमान १९५५ पासून अजूनही सेवेत आहे. मग हे नवे विमान पंचवीस वर्षांतच का काढले?

रडार लहरी सोडते आणि वस्तूवर आपटून परत आलेल्या लहरी टिपते. आरसा तिरपा धरला की उजेड भलतीकडे जातो, तसा विमानाचा पृष्ठभाग तिरपा ठेवला तर लहरी रडारकडे परतत नाहीत. कडांवरून लहरी कशा विखुरतात याचे गणित प्योतर उफिम्त्सेव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे भाषांतर लॉकहीड कंपनीतील डेनिस ओव्हरहोल्सर या तज्ज्ञाने चिकाटीने वाचले आणि त्यावरून संगणकाचा कार्यक्रम तयार केला. मात्र त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठभागांचा हिशेब झेपत नव्हता. म्हणून हे विमान पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखे, सपाट तुकड्यांचे झाले.

त्याच्या निवृत्तीचे बीज इथेच होते. आकार लपण्यासाठी घडविला, त्यामुळे उडण्यातल्या सोयी गेल्या. वेग ध्वनीपेक्षा कमी, स्वतःचे रडार नाही, बंदूक नाही, पोटात दोनच मोठे बॉम्ब, आणि कामगिरी बहुधा रात्रीचीच. लहरी शोषणाऱ्या लेपाची निगा खर्चिक होती. पुढे संगणक सुधारले. १९८९ साली उडालेल्या बी-२ विमानाला वक्र आकार देता आला. २००५ च्या डिसेंबरात एफ-२२ सेवेत आले. ते लपतेही आणि ध्वनीपेक्षा वेगानेही जाते. त्याच्यासाठी पैसा हवा होता, म्हणून जुन्याची निवृत्ती ठरल्यापेक्षा अलीकडे आणली गेली.

प्रतिपक्षही शिकत होता. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात बुजानोव्हत्सी गावाजवळ झोल्तान दानी यांच्या तुकडीने १९६० च्या दशकातील बनावटीच्या क्षेपणास्त्राने एक एफ-११७ पाडले. या तुकडीने सतत जागा बदलली आणि रडार काही क्षणच चालू ठेवले. त्यानंतरही हे विमान नऊ वर्षे सेवेत राहिले, पण ते अदृश्य आहे हा समज मात्र कायमचा गेला.

एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. १३ फेब्रुवारी १९९१ रोजी याच विमानांनी बगदादमधील अमिरिया येथील आश्रयस्थानावर बॉम्ब टाकले. आत निजलेली चारशेहून अधिक सामान्य माणसे, त्यांत कितीतरी बायका-मुले, मेली. बॉम्ब नेमका जिथे टाकायचा तिथेच पडला होता. चुकली होती ती माणसांची समजूत. यंत्र जितके अचूक, तितकी त्यामागच्या माणसाची जबाबदारी मोठी, हे विज्ञान शिकणाऱ्याने विसरू नये.

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी एखादे यंत्र चालवायला शिकली, प्रमाणपत्र मिळाले, की शिक्षण संपले असे आपण समजतो. पण यंत्र पंचवीस वर्षांत जुने होते, आणि केवळ त्या यंत्रापुरते शिकलेला माणूस त्याच्याबरोबरच निवृत्त होतो. एफ-११७ गेले, पण उफिम्त्सेव्हचे गणित आजही वापरात आहे. तेव्हा मुलांचे गणित आणि भाषा पक्की होऊ द्या, त्यासाठी आणखी दोन वर्षे लागली तरी कुरकुर करू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, जे पुस्तक रुक्ष म्हणून इतरांनी बाजूला ठेवले, ते एकदा शेवटपर्यंत वाचून पाहा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.