आवळा देऊन कोहळा

कोणतीही वस्तू तिच्या किमतीहून कमी पैशांत मिळू लागली, की उरलेले पैसे कोण भरतो, हा प्रश्न सुज्ञ ग्राहकाच्या मनात उभा राहावयास हवा. भ्रमणध्वनीच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातील मोबाइल फोनच्या, व्यापारात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास अमेरिकेइतके सोयीचे ठिकाण नाही. तेथे कित्येक वर्षे कंपन्या फोन स्वस्तात देत असत, आणि त्या व्यवहाराचे आकडे जाहीर आहेत.

अ‍ॅपलचा पहिला आयफोन तेथे जून २००७ मध्ये विक्रीस आला. एटी अँड टी या एकाच दूरध्वनी कंपनीकडे त्याच्या जोडणीचा मक्ता होता. सप्टेंबरात त्याची किंमत ३९९ डॉलरांवर आली. ११ जुलै २००८ रोजी आलेला पुढचा फोन तर अवघ्या १९९ डॉलरांना मिळू लागला. किंमत निम्म्यावर आल्याचा गाजावाजा झाला. दोन वर्षांचा करार मात्र पूर्वीप्रमाणेच होता. इंटरनेटच्या वापराचे, म्हणजे डेटाचे, शुल्क महिना २० डॉलरांवरून ३० झाले. आणि पूर्वी त्यातच मिळणाऱ्या २०० लघुसंदेशांसाठी आणखी ५ डॉलर पडू लागले. जाळे अधिक वेगवान झाले हे खरे. परंतु महिन्याला १५ डॉलर म्हणजे चोवीस महिन्यांत ३६०. दुकानात २०० वाचले आणि बिलातून ३६० गेले.

कराराविना हाच फोन २००९ मध्ये ५९९ डॉलरांना मिळे. याचा अर्थ, वरचे ४०० डॉलर कंपनी ग्राहकाच्या वतीने भरीत होती. हे दान नव्हते, कर्ज होते. दरमहा सुमारे १७ डॉलरांचा त्याचा हप्ता बिलात मिसळलेला असे, इतकेच. कर्ज देणे हा काही अपराध नव्हे. एकरकमी ६०० डॉलर ज्याच्यापाशी नाहीत, त्याच्या हाती त्यामुळे फोन आला. आणि मनोरे उभारण्याचा व लहरींच्या परवान्याचा मोठा खर्चही कंपनीस होताच.

गोम आहे ती पंचविसाव्या महिन्यात. सावकाराचे कर्ज फिटले की हप्ता थांबतो. येथे कर्ज फिटले तरी बिल तेवढेच राही. जो ग्राहक लगेच नवा फोन घेई, त्याचे नवे कर्ज सुरू होई. परंतु जो काटकसरी गृहस्थ जुनाच फोन जपून वापरी, तो फिटलेल्या कर्जाचे हप्ते भरीत राही. कंपनीचा निर्भेळ नफा त्याच्याकडून येत असे. मध्येच करार मोडावा, तर जून २०१० पासून दंड ३२५ डॉलरांचा झाला. पुऱ्या झालेल्या प्रत्येक महिन्यामागे त्यातून १० डॉलर वजा होत. तेवीस महिने पुरे केलेल्यासही ९५ डॉलर मोजावे लागत.

त्याच महिन्यात नव्या ग्राहकांसाठी अमर्याद डेटाही बंद झाला. आता २०० मेगाबाइटना १५ डॉलर, आणि दोन गिगाबाइटना २५. आपले ६५ टक्के स्मार्टफोनधारक महिन्याला २०० मेगाबाइटहूनही कमी वापरतात, असे कंपनीनेच सांगितले होते. तथापि मर्यादा ओलांडली की पुढच्या २०० मेगाबाइटना पुन्हा १५ डॉलर पडत. या धास्तीने ज्याने मोठी योजना घेतली, त्याचा न वापरलेला डेटा महिनाअखेर बुडे. खाणावळीत निदान खाडे धरतात. येथे तीही सोय नव्हती.

मार्च २०१३ मध्ये टी-मोबाइल कंपनीने फोनची किंमत आणि सेवेचे शुल्क वेगळे केले. आयफोन ५ साठी प्रथम सुमारे १०० डॉलर, मग महिना २० डॉलरांचे चोवीस हप्ते; ते फिटले की बिल उतरे. डिसेंबरात एटी अँड टीनेही, आपला स्वतःचा फोन आणणाऱ्यास महिना १५ डॉलर सूट देऊ केली. इतकी वर्षे बिलात दडलेल्या हप्त्याची ही कबुलीच होती. २०१६ च्या आरंभी त्या कंपनीने दोन वर्षांचे करार थांबविले. अलीकडे मात्र ‘फुकट’ फोनची सूट ३६ महिन्यांत विभागून दिली जाते. मध्येच सोडून जाणाऱ्याची उरलेली सूट बुडते. दोर लांबला आहे, तुटलेला नाही.

ऑगस्ट २००८ मध्ये तो १९९ डॉलरांचा फोन भारतात एअरटेल आणि व्होडाफोन यांनी ३१,००० रुपयांना आणला, तेव्हा अनेकांस तो अन्याय वाटला. परंतु येथील बहुसंख्य ग्राहक आगाऊ पैसे भरणारे; ज्यात हप्ता लपवावा असे बिलच त्यांना येत नव्हते. म्हणून किंमत उघडी दिसली. येथील कोहळा निराळा आहे: २८ दिवसांचा ‘महिना’ धरला की वर्षात बाराऐवजी तेरा वेळा पैसे भरावे लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीस ३० दिवसांची निदान एक योजना ठेवण्याचा आदेश दिला. ती योजना मागून घेणे मात्र ग्राहकाच्याच हाती आहे.

म्हणून फोन घेताना किमतीबरोबर दोन प्रश्न अवश्य विचारावेत: बांधिलकी किती महिन्यांची, आणि ती संपल्यावर दरमहाचा आकडा किती उतरेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शून्य आले, तर कागदपेन्सिल घेऊन बेरीज करावी आणि मगच सही करावी.