पावसाळ्यातला वर्ग



बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळा जूनच्या तोंडावर उघडतात आणि पाठोपाठ पाऊस येतो. म्हणजे पहिलीचं पोर मुळाक्षरं गिरवायला बसतं, तेच मुळी वर्षातल्या सगळ्यांत अंधाऱ्या महिन्यांत. त्यातून खानापूरकडचा पाऊस! झड आत येते म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या, आणि वीज गेली की गुरुजींनी पाढे म्हणवून घ्यायचे.

सीमाभागातल्या मराठी शाळेच्या मुलाला देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या शिकायच्या असतात. देवनागरीत एका टिंबानं शब्द बदलतो, कन्नडात बारीकशा वळशानं अक्षर बदलतं. मागच्या बाकावर ते टिंब दिसलंच नाही, तर वहीतली चूक अभ्यासाची की उजेडाची? आपण सरसकट अभ्यासाची धरतो आणि पोराला ढ ठरवून मोकळे होतो.

वर्गात बाकावर साधारण 300 लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड असावा असं मानतात. ढगाळ दिवशीही बाहेर मोकळ्यावर काही हजार लक्स असतो. उजेडाला तोटा नाही, तो आत येत नाही. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, तिच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंतच तो कामापुरता पोचतो. तेव्हा वरच्या तावदानांवर चिकटवलेले तक्ते आधी काढा.

1999 साली कॅलिफोर्नियातल्या एका पाहणीत, भरपूर नैसर्गिक उजेडाच्या वर्गांतली मुलं वर्षभरात गणितात 20 टक्के आणि वाचनात 26 टक्के अधिक वेगानं पुढे गेलेली आढळली. 2003 च्या दुसऱ्या एका पाहणीत मात्र हिशेब इतका सरळ निघाला नाही. डोळ्यांवर तिरीप आली तर शिकण्याचं नुकसानच होतं. फळा चकाकत असेल, तर खिडकीजवळचं मूलही आंधळंच.

म्हणून उजेड डाव्या हाताकडून यावा अशी बाकं मांडा. डावखुऱ्यांना उलट बाजू द्या. भिंतींना पांढरा चुना काढा. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, काहींचं त्यानं डोकं दुखतं; तिच्या जागी चांगली एलईडी लावा, आणि एक दिवा फळ्यासाठी वेगळा ठेवा.

शाळा विकास व देखरेख समितीच्या (एसडीएमसीच्या) सभासदांना एवढीच विनंती : मे महिन्यात कौलं चाळायला माणूस छपरावर चढेल, तेव्हाच त्याच्या हाती चार काचेची कौलं द्या, आणि ती मागच्या बाकांच्या वर बसवून घ्या.